बातमीची पेढी : ‘द स्ट्रीट’ची तेवीस वर्षे

११ मे १९९९ रोजी अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात ‘द स्ट्रीट डॉट कॉम’ या कंपनीच्या समभागांचे व्यवहार प्रथमच सुरू झाले. कंपनीने समभाग १९ डॉलरांना विकला होता. बाजारातील पहिला व्यवहार ६३ डॉलरांना झाला, दिवसभरात भाव ७१ डॉलरांपर्यंत चढला आणि बाजार बंद होताना तो ६० डॉलर होता. अवघी अडीच वर्षे वयाच्या, एकाही वर्षी नफा न दाखविलेल्या या कंपनीचे बाजारमूल्य एका दिवसात शंभर कोटी डॉलरांच्या वर गेले. तिच्यापाशी ना कारखाना होता, ना गोदामात माल. ती विकत होती ती शेअर बाजाराची बातमी.

बातमी हा माल मोठा विलक्षण. कापड, धान्य वा सोने गिऱ्हाइकाच्या हाती गेले की दुकानातून ते कमी होते. बातमी एकदा बाहेर पडली की ती सर्वांची होते आणि मग तिच्यासाठी कोणी दाम मोजत नाही. अशा मालाचे दुकान थाटून ते चालवायचे कसे, हा प्रश्न ‘द स्ट्रीट’पुढे पहिल्या दिवसापासून होता, आणि तिच्या सगळ्या चढउतारांचे मूळ त्याच प्रश्नात आहे.

वर्गणी की जाहिरात?

१९९६ साली जिम क्रेमर आणि मार्टिन पेरेट्झ या दोघांनी ही कंपनी स्थापन केली. क्रेमर हे न्यूयॉर्कमध्ये हेज फंड चालवीत, म्हणजे धनिकांचा पैसा घेऊन बाजारात रोजची उलाढाल करीत; पेरेट्झ हे ‘द न्यू रिपब्लिक’ या राजकीय साप्ताहिकाचे मालक-संपादक. त्या काळी बाजारातील ताजी बातमी मोठ्या दलालांच्या टेबलावरील महागड्या यंत्रांवर क्षणार्धात उमटे; सामान्य गुंतवणूकदार मात्र दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्राची वाट पाहत असे. हे अंतर इंटरनेटच्या साह्याने मिटवावे आणि त्याचे दाम वाचकाकडून घ्यावे, असा संस्थापकांचा बेत होता. प्रारंभी महिन्याची वर्गणी ९.९५ डॉलर होती. इंटरनेटवर सारे फुकट मिळते असे मानण्याच्या त्या दिवसांत पैसे मागणारी ही कंपनी धाडसीच म्हणावी लागेल. पुढे न्यूयॉर्क टाइम्सनेही तिच्यात भांडवल गुंतविले.

समभागविक्रीनंतर मात्र चित्र पालटले. वर्गणीदार हळूहळू वाढतात. बाजाराला घाई होती. २००० सालाच्या आरंभी कंपनीने मुख्य संकेतस्थळ सर्वांसाठी विनामूल्य केले आणि जाहिरातींच्या उत्पन्नावर भिस्त ठेवली. त्याच वर्षी ब्रिटनमध्येही शाखा उघडली. पण जाहिराती देणाऱ्यांत पुष्कळशा इंटरनेट कंपन्याच होत्या. त्यांचा फुगा फुटला तेव्हा जाहिरातीही आटल्या. ब्रिटनमधील शाखा उघडली त्याच वर्षी बंद झाली, आणि ज्या समभागासाठी लोकांनी ६० डॉलर मोजले होते, त्याचा भाव २००० साल संपताना तीन डॉलरांच्या खाली गेला होता. ज्याच्या जिवावर दुकान चालते तो गिऱ्हाईक आपल्याच धंद्यातला असेल, तर मंदी दोघांना एकाच दिवशी गाठते. हा अनुभव जुन्या बाजारपेठांना नवा नाही.

सल्ल्याचा व्यापार

यानंतर कंपनी पुन्हा वर्गणीकडे वळली. मात्र आता विक्रीस होता तो प्रामुख्याने सल्ला. साधी बातमी विनामूल्य, आणि कोणता समभाग घ्यावा, कोणता सोडावा हे सांगणारे लेखन वर्गणीदारांपुरते, अशी विभागणी झाली. ‘रिअल मनी’ हे सशुल्क संकेतस्थळ त्यातून उभे राहिले. २००५ पासून क्रेमर यांचा ‘मॅड मनी’ हा कार्यक्रम सीएनबीसी वाहिनीवर गाजू लागला आणि त्यांच्या नावावर वर्गणीदार येऊ लागले.

सल्ला विकताना एक जुना पेच उभा राहतो. सल्ला देणाऱ्याच्या स्वतःच्या हाती तो माल आहे काय? क्रेमर २००० सालच्या अखेरीपर्यंत हेज फंडही चालवीत होते आणि लेखही लिहीत होते. त्यामुळे आपल्या फंडाकडे कोणते समभाग आहेत हे त्यांना लेखाखाली नमूद करावे लागे. कंपनीच्या वार्ताहरांना वैयक्तिक समभाग बाळगण्यास मनाई होती. पुढे क्रेमर यांच्या धर्मादाय न्यासाची गुंतवणूक वर्गणीदारांना खुली करण्यात आली. खरेदी-विक्रीची सूचना आधी वर्गणीदारांना जाई, व्यवहार त्यानंतर होई. दलाल स्वतःसाठी घेतो की गिऱ्हाइकासाठी, हे उघड सांगण्याची जी रीत चांगल्या पेढ्यांनी पाळली, तिचेच हे नवे रूप होते.

तरीही घसरण झालीच, आणि ती नेमकी हिशेबात. २००७ साली कंपनीने ‘प्रमोशन्स डॉट कॉम’ नावाची एक छोटी कंपनी विकत घेतली. त्या कंपनीत न झालेल्या व्यवहारांचे उत्पन्न २००८ सालच्या जमेत धरले गेले. २०१० मध्ये ‘द स्ट्रीट’ला त्या वर्षाचे आकडे दुरुस्त करून पुन्हा जाहीर करावे लागले, आणि डिसेंबर २०१२ मध्ये आपल्याकडील सेबीसारख्या अमेरिकी नियामक संस्थेने कंपनीवर व तिच्या तीन माजी अधिकाऱ्यांवर कारवाई केली. दुसऱ्यांच्या ताळेबंदातील दोष वाचकांना दाखविणाऱ्या संस्थेचा स्वतःचाच ताळेबंद चुकीचा निघाला. पत ही ज्या धंद्याची खरी पुंजी, त्याला अशी नोंद फार महाग पडते.

ज्याची चर्चा नाही, त्याचे मोल

दरम्यान कंपनीने तीन शांत व्यवसाय जोडले होते. ‘रेटवॉच’ बँकांचे ठेवींचे व कर्जांचे व्याजदर गोळा करून ते बँकांनाच पुरवीत असे. ‘द डील’ कंपन्यांच्या खरेदी-विलीनीकरणाच्या वार्ता वकील आणि गुंतवणूक बँकांना देई. ‘बोर्डएक्स’कडे कंपन्यांच्या संचालकांची आणि त्यांच्या परस्परसंबंधांची सूची होती. सामान्य वाचकाने यांची नावेही ऐकली नव्हती. दूरचित्रवाणीवर चर्चा होई ती ‘द स्ट्रीट’ या नावाची.

२०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत या सर्वांचा हिशेब झाला. ‘द डील’ आणि ‘बोर्डएक्स’ मिळून ८ कोटी ७३ लाख डॉलरांना ‘युरोमनी’ने घेतले. ‘रेटवॉच’ ३ कोटी ३५ लाख डॉलरांना ‘एस अँड पी ग्लोबल’कडे गेले. उरले ते मूळ संकेतस्थळ, त्याचे प्रसिद्ध नाव आणि वर्गणीदार. ते ‘मेवेन’ या कंपनीने १ कोटी ६५ लाख डॉलरांना विकत घेतले. तिन्ही सौद्यांच्या एकूण रकमेत गाजलेल्या नावाचा वाटा आठव्या हिश्श्याहूनही कमी भरला. २०२१ मध्ये क्रेमर यांनीही हे संकेतस्थळ सोडले.

याचे कारण अवघड नाही. बाजार चढला की वर्गणीदार येतो, पडला की जातो. शिवाय तीच बातमी दहा ठिकाणी फुकट मिळते. बँकेला मात्र शेजारच्या बँकेचा व्याजदर दर आठवड्यास हवाच असतो, आणि तो चिकाटीने गोळा करणारे थोडेच असतात. भाव आला तो या रोजच्या, कंटाळवाण्या, पण अचूक नोंदींना.

त्याच काळातील ‘मार्केटवॉच’ या प्रतिस्पर्धी कंपनीचा दाखलाही बोलका आहे. जानेवारी १९९९ मध्ये तिचा १७ डॉलरांचा समभाग पहिल्याच दिवशी ९७.५० डॉलरांवर बंद झाला. २००५ साली ‘डाऊ जोन्स’ने ती कंपनी प्रतिसमभाग १८ डॉलरांना घेतली. ती टिकली, विकलीही गेली. पण ज्याने पहिल्या दिवशी गर्दीत उडी घेतली, त्याच्या हाती मुद्दलाचा पाचवा भागही आला नाही.

आपल्या पेढीसाठी

आज आपल्याकडेही शेअर बाजाराची बातमी तळहातावर आली आहे. मुंबईच्या ‘मनीकंट्रोल’नेही विनामूल्य बातमीच्या जोडीला २०१९ पासून सशुल्क सेवा सुरू केली. संशोधन-सल्ला देणाऱ्यांसाठी सेबीने २०१४ मध्ये नियम केले असून त्यांत नोंदणी आणि स्वतःच्या हितसंबंधांचे प्रकटीकरण बंधनकारक आहे. घरातील तरुण मोबाईलवर कोणाचा सल्ला वाचून पैसे गुंतवीत असेल, तर वडीलधाऱ्यांनी तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. सल्ला देणारा सेबीकडे नोंदलेला आहे काय? ज्या समभागाची तो भलावण करतो, तो त्याच्याकडे आहे काय? आणि त्याचे उत्पन्न कोठून येते : वाचकाच्या वर्गणीतून, जाहिरातदाराकडून, की त्या समभागाचा भाव चढल्यामुळे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर तिसऱ्याचे शोधणे सोपे जाते. तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत मात्र पैसा तिजोरीतच बरा.