शेजारच्या बाकावर कोण?

मुलासाठी शाळा शोधताना आईवडील निकाल पाहतात, फी पाहतात, घरापासूनचे अंतर पाहतात. आणखी एक गोष्ट पाहिली जाते, जी फारशी बोलून दाखवली जात नाही: तिथे कोणाची मुले येतात? ‘आपल्यासारख्यांची’ येत असतील, तर घरातली सगळी निश्चिंत होतात. ही काळजी प्रेमातूनच येते, म्हणून तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण या निश्चिंतीसाठी मूल काय किंमत मोजते, याचा हिशेब मांडायला हवा. मिश्र वर्गाची बाजू आपल्याकडे बहुधा न्यायाच्या भाषेत मांडली जाते: ज्यांना दारे बंद होती, त्यांना ती उघडली पाहिजेत. ते खरेच आहे आणि कायद्याला तेवढे कारण पुरे. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. तऱ्हेतऱ्हेच्या माणसांत वाढण्याचा लाभ त्या वाढणाऱ्या मुलाला स्वतःला होतो. सुखवस्तू घरातल्या मुलालाही तो होतो, आणि ज्या वयात तो होतो ते वय गेले की तो मिळवणे फार अवघड जाते.

याचा चांगला पुरावा दिल्लीतला आहे. सवलतीत सरकारी जमीन मिळालेल्या खासगी शाळांना 2007 मध्ये सरकारने नवीन प्रवेशांतल्या 20 टक्के जागा गरीब घरांतल्या मुलांना फी न घेता द्यायला लावल्या. उत्पन्नाची मर्यादा होती वर्षाला सुमारे एक लाख रुपये. नियम नव्या प्रवेशांना लागू झाल्यामुळे एकाच शाळेत खालचे वर्ग मिश्र झाले आणि वरचे पूर्वीसारखेच राहिले. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी नेमका हाच फरक धरून श्रीमंत घरांतल्या मुलांचा अभ्यास केला. तो 2019 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये छापून आला. गरीब वर्गमित्र असलेली मुले समाजकार्यासाठी आपणहून वेळ द्यायला अधिक तयार होती. हातातले दुसऱ्याला द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांचा हात सैल होता, आणि तो फक्त गरीब मुलांसाठीच सैल होता असे नाही. आपल्यासारख्याच श्रीमंत मुलाशीही ती बरोबरीने वाटून घेत होती. मला हा निष्कर्ष सगळ्यात मोलाचा वाटतो. दया शिकली असती, तर ती गरिबापुरती राहिली असती. मुले शिकली होती ती वाटून घ्यायला.

त्याच अभ्यासातला धावण्याचा प्रयोग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. रिले शर्यतीसाठी सहकारी निवडायचा होता. आधी सगळे धावताना दिसले होते. कोण वेगवान हे डोळ्यांसमोर होते. जिंकणाऱ्या संघाला रोख बक्षीस होते: कधी 50 रुपये, कधी 200, कधी 500. एका बाजूला सरकारी शाळेतला वेगवान मुलगा, दुसऱ्या बाजूला खासगी शाळेतला त्याच्यापेक्षा मंद मुलगा. सहकाऱ्याबरोबर नंतर खेळण्यात वेळही घालवायचा होता. बक्षीस लहान असताना अनेकांनी वेगवान मुलगा सोडून आपल्यातला मंद मुलगा घेतला. म्हणजे परक्या मुलाबरोबर वेळ काढावा लागू नये म्हणून त्यांनी स्वतःची जिंकण्याची संधी घालवली. ज्यांच्या वर्गात गरीब मुले होती, त्यांच्यात हे प्रमाण कमी होते. पूर्वग्रहाचा तोटा समोरच्याला होतो हे आपण जाणतोच. इथे तो स्वतःच्या खिशालाही झालेला दिसतो. पुढे हेच मूल कारखान्यात माणसे नेमणार, दवाखान्यात रोग्याचे ऐकून घेणार, मतदान करणार. समोरच्याचे कपडे, आडनाव किंवा बोलण्याचा हेल बाजूला ठेवून त्याचा वेग पाहता येणे हे कसब आहे, आणि ते सरावानेच येते.

‘पण अभ्यासाचे काय?’ हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. राव यांना श्रीमंत मुलांच्या हिंदी आणि गणिताच्या गुणांवर परिणाम आढळला नाही. इंग्रजीत थोडी घसरण दिसली. इंग्रजी घरात न बोलणारी मुले वर्गात आली की तसे होणे समजण्यासारखे आहे. शिक्षकांनी असेही नोंदवले की शिव्या, अर्वाच्य बोलणे थोडे वाढले. मारामारी किंवा दंगा मात्र वाढला नाही. किंमत शून्य नाही. पण इंग्रजीतली घट शिकवणीने आणि वाचनाने भरून काढता येते, आणि तोंडातली शिवी शिक्षकाला थांबवता येते. माणूस पाहण्याची सवय कुठल्या शिकवणीत लागणार?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. नुसत्या जवळ राहण्याने मने जुळत असती, तर आपली गावे सलोख्याची आदर्श ठरली असती. अठरापगड जाती पिढ्यान्‌पिढ्या एका शिवारात राहिल्या, आणि तरी पाणवठे वेगळे राहिले, वस्ती गावकुसाबाहेर राहिली. म्हणजे वैविध्य होते, रोजचा व्यवहारही होता. बरोबरी मात्र नव्हती. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच सांगितले होते की संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायचा, तर दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, काम मिळून करायचे हवे आणि संस्थेचा पाठिंबा हवा. उत्तर प्रदेशात अर्थशास्त्रज्ञ मॅट लोव यांनी वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेट सामने भरवून हेच तपासले. मिश्र संघात एकत्र खेळलेल्यांचा इतर जातींच्या मुलांशी संबंध वाढला आणि आपल्याच जातवाल्याला झुकते माप देणे कमी झाले. फक्त प्रतिस्पर्धी म्हणून समोर आलेल्यांत संबंध उलट कमी झाले. शेजार तोच, खेळ तोच. फरक पडला तो एका बाजूने खेळण्याने.

हे महाराष्ट्राला नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी असताना कोल्हापूरच्या जैन वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला होता. पुढे 1919 मध्ये त्यांनी काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, ज्याला 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, कामे वाटून घेत, एका पंगतीत जेवत. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. जातीच्या निषेधाची भाषणे मुलांनी ऐकलीही असतील, पण खरे शिक्षण त्या पंगतीत होते: आज ज्याने पीठ मळले, त्याच्या हातची भाकरी सगळ्यांनी खायची.

याच्या उलट बाजूला खुद्द शाहू महाराजांचे कोल्हापूर आहे. तिथे 1901 पासून एकेका समाजाची वेगळी वसतिगृहे उभी राहिली. त्या काळी महाराजांचे करणे बरोबर होते असे मला वाटते. ज्या मुलाने शाळेचा उंबरा पाहिला नव्हता, त्याला आधी आपल्या माणसांत पाय रोवायला जागा हवी होती. आजही गरीब मुलाला श्रीमंत वर्गात एकटे टाकले, तर सहलीचे पैसे, वाढदिवसाची भेटवस्तू, डब्यातला पदार्थ यातून त्याला रोज टोचत राहते. म्हणून त्याला सोबती हवेत. वर्गात एखादाच ‘मोफतवाला’ नको, चांगला चौथा हिस्सा हवा. आपली भाषा, आपले सण घरी जपले जावेतच. मिश्र वर्ग ते सोडायला सांगत नाही. दिवसातले पाच-सहा तास एका बाजूने खेळणे तेवढे मागतो.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा गरीब घरांतल्या मुलांसाठी याच हेतूने ठेवल्या. महाराष्ट्रात फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट देण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो बदल रद्द केला. वाद झाला तो बहुतेक गरीब मुलांच्या हक्काचा. सूट टिकली असती तर उरलेल्या 75 टक्क्यांनी काय गमावले असते, हे कोणी विचारल्याचे फारसे ऐकू आले नाही.

जागा राखून काम संपत नाही. दिल्लीतल्या काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षराप्रमाणे पाडत, त्यामुळे कोणाच्या गटात कोण येईल हे केवळ नावावर ठरे. राव यांना आढळले की बदल मुख्यतः तिथेच घडला, जिथे मुलांचा प्रत्यक्ष, रोजचा संबंध आला. आपल्याकडेही जूनमध्ये प्रत्येक वर्गशिक्षक कोण कुठे बसणार याची यादी करतो. पालकसभेत निकालाबरोबर तीही विचारून घेता येईल.