गोकर्णीच्या मुळाशी

कुंपणावरची गोकर्णी तुम्ही पाहिली असेल. तिच्या फुलाची मोठी निळी पाकळी गाईच्या कानासारखी दिसते, म्हणून हे नाव. आपण ती पूजेपुरती ओळखतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये मात्र गुरांच्या चाऱ्यासाठी तिची लागवड करतात! ही वेल हरभरा-तुरीच्या कुळातली आहे आणि तिच्या पाल्यात प्रथिने भरपूर असतात. (बिया मात्र चाखू नका, जुलाब होतात.)

प्रथिनांसाठी नायट्रोजन लागतो. तो येतो कोठून? माती भिजवून एक कोवळे रोप मुळासकट अलगद उपटा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एखादी ब्लेडने चिरा. आतून गुलाबी असेल, तर तिच्यातले रायझोबियम जीवाणू कामात आहेत असे समजा. हवेतला नायट्रोजन ते वेलीला वापरता येईल अशा रूपात आणतात.

पाला गाईने खाल्ला, की त्यातला बराचसा नायट्रोजन शेणामुतातून बाहेर पडतो. ते उकिरड्यात नीट कुजवले, तर तो पिकाला मिळतो. त्याच शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत घातल्या, तर भाकरी भाजते खरी. पण मागे राख उरते आणि नायट्रोजन धुराबरोबर पुन्हा हवेत जातो.