बिनतारी वाट (लेखांक ११) : निरोपावाचून धावणारा जासूद

गेल्या खेपेस कंप्रता-विरूपणाचे, म्हणजे आपल्या नित्याच्या एफएमचे, प्रकरण या आठवड्यात उघडण्याचे वचन दिले होते. परंतु मुगभाटातील एका वाचकाने पत्रातून विचारलेली शंका मनात अशी घर करून बसली की, ते वचन आठवडाभर लांबणीवर टाकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओवर पोलिसांनी झडप घातली ती आपल्याच गिरगावच्या पारेखवाडीत, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांचे विचारणे एवढेच की, लहरी चहूकडे पसरत असताना त्यांच्या उगमाचा माग मुळात लागावा तरी कसा?

उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ऑगस्ट १९४२ पासून ४२.३४ मीटरवर, म्हणजे सेकंदाला सुमारे ७० लाख ८० हजार आवर्तनांवर, बोलण्यास आरंभ केला. युद्धामुळे हौशी प्रक्षेपकांचे परवाने सरकारने रद्द केलेले असताना त्यांच्याच पट्ट्यातील ही तरंगलांबी निवडण्यात मोठी जाण होती : अर्ध्या लहरीचे एरिअल अवघे २१ मीटरांचे, एखाद्या इमारतीच्या गच्चीवर मावण्याजोगे, आणि लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावरून परतून दूरदूरच्या प्रांतांत उतरणाऱ्या. वृत्तपत्रांवर निर्बंध असताना आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची हकिकत याच लहरींवरून सांगितली गेली.

परमप्रसर-विरूपणात, म्हणजे या रेडिओच्याही एएम पद्धतीत, बोलणाऱ्याच्या आवाजाबरहुकूम वाहक लहरीची उंची कमीजास्त होते, हे नित्य वाचकांस स्मरत असेलच. मात्र एकाच शुद्ध स्वराने विरूपण पूर्णत्वास नेले तरीही प्रक्षेपित शक्तीचा दोन-तृतीयांश हिस्सा वाहक लहरीकडेच राहतो, आणि सगळा मजकूर ज्यांत साठलेला त्या दोन पार्श्वपट्ट्यांच्या वाट्यास उरलेला एक-तृतीयांश येतो. वाहक लहर हा निरोपावाचून धावणारा जासूद. निवेदिका श्वास घेण्यास थांबली तरी तो थांबत नाही.

रात्रीची सभा संपल्यावर रेडिओ लगेच बंद न करण्याची सवय मला लहानपणापासून आहे. निवेदक निरोप घेतो, मग काही क्षण विलक्षण स्वच्छ शांतता पसरते, आणि मग एकाएकी खरखर उसळते. ती शांतता म्हणजेच वाहक लहर. ती गेली की खरखरीस मोकळे रान मिळते. मध्यम लहरींवर मुंबई केंद्र लावून मी ट्रान्झिस्टर गॅलरीच्या कठड्यावर ठेवी व हळूहळू फिरवी : आत आडवी बसवलेली फेराइटची कांडी मालाडच्या प्रक्षेपकाच्या रोखाने आली की आवाज बुडे, काटकोनात आली की भरून येई. भरल्या आवाजाचा पल्ला ऐसपैस, बुडण्याचा कोन मात्र फार अरुंद. म्हणूनच दिशा शोधणारा अधिकारी आपले वेटोळ्याचे एरिअल फिरवीत आवाज कोठे बुडतो तेवढेच टिपतो, दोन ठिकाणांहून तशा दोन रेषा नकाशावर ओढतो, आणि त्या जेथे छेदतात तेथे गाडी नेतो. या कामी त्याला भाषण लागतच नाही, नुसती वाहक लहर पुरते.

गिरगावात ट्रामच्या तारा आणि दाटीवाटीच्या इमारती लहरींना वाकवीत, रेषा काहीशा चुकत. पण रोज त्याच जागेवरून बोलणाऱ्याला त्या कधीतरी गाठणारच. म्हणून चौपाटीवरील सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भवन असे मुक्काम हलत राहिले.

मग ही वाहक लहर गाळूनच का टाकू नये? तशी युक्ती तेव्हा उपलब्ध होती. १९२७ पासून अटलांटिकपलीकडचे बिनतारी टेलिफोन एकाच पार्श्वपट्टीवर चालत होते, आणि तेथे बोलणारा थांबला की हवेतही काही उरत नसे. पण गाळलेली लहर ग्राहकयंत्रात पुन्हा निर्माण करावी लागते, आणि घरोघरच्या साध्या सेटांत ती सोय नव्हती. त्यांना नुसते अस्फुट बरळणे ऐकू आले असते. ज्याच्या त्याच्या घरी आवाज पोचवायचा, तर वाहक लहर सोबत धाडणे भागच होते, आणि माझ्या मते त्या मंडळींच्या धैर्याचे तांत्रिक माप याहून नेमके सापडणार नाही.

१२ नोव्हेंबरला पोलीस पारेखवाडीत शिरले ते अखेर रेडिओच्याच एका तंत्रज्ञाने ठिकाण दाखवल्यामुळे. दार फोडले गेले तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी फिरत होती, म्हणजे प्रक्षेपण तोवर चालूच होते. कंप्रता-विरूपण पुढील आठवड्यात.