संगणकाचे जोते : मदरबोर्डाची निवड

हल्ली पुष्कळ घरांत दिवाळीच्या किंवा परीक्षेच्या निकालाच्या सुमारास एक वाद ठरलेला असतो. घरातील एखाद्या मुलास अथवा मुलीस खेळांसाठी संगणक हवा असतो. तोही तयार नव्हे, तर सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने जोडलेला. आजोबांस हा निव्वळ पैशाचा चुराडा वाटतो, काकांचे मत लॅपटॉपकडे झुकते, आणि अखेरीस वडीलधाऱ्यांची संमती मिळते ती 'अमुक रकमेच्या वर एक पैसा नाही' ह्या अटीवर. खेळ असावेत की नसावेत, ह्या वादात आम्ही येथे शिरत नाही. परंतु एकदा रक्कम ठरल्यावर ती वाया जाऊ नये एवढे पाहणे हे साऱ्या घराचे काम आहे. आणि आमच्या पाहण्यात असे आले आहे की, ही रक्कम हटकून चुकीच्या जागी जाते ती मदरबोर्डापायी. कोणी तो नको तितका महाग घेतो, आणि ज्या ग्राफिक्स कार्डावर खेळाचे चित्र खरोखर अवलंबून असते त्यास पैसे उरत नाहीत. कोणी तो नको तितका हलका घेतो, आणि दोनतीन वर्षांनी सारेच बदलण्याची पाळी येते.

मदरबोर्ड म्हणजे संगणकाचे जोते होय. प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, साठवणीची एस. एस. डी. हे सारे त्याच्यावर बसतात, आणि त्यांस लागणारी वीज व त्यांचे आपसांतील दळणवळण त्याच्यातूनच चालते. तो स्वतः मात्र हिशेब करीत नाही व चित्रही काढीत नाही. एकच प्रोसेसर व एकच कार्ड घेऊन ती प्रथम मध्यम किमतीच्या आणि मग तिप्पट किमतीच्या बोर्डावर बसविली, तर खेळाच्या वेगात पडणारा फरक डोळ्यांस दिसत नाही. ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. अर्थात्, कोणताही बोर्ड चालेल असा ह्याचा अर्थ नव्हे. जोत्यावर किती मजले चढणार आहेत हे पाहूनच ते बांधावयाचे असते.

म्हणून बोर्डाआधी प्रोसेसर ठरवावा. प्रोसेसर बोर्डाच्या ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि ह्या सॉकेटाचा इतिहास ज्यास ठाऊक आहे त्याची निम्मी निवड झालीच. इंटेल कंपनीने २०१५ साली ११५१ टोकांचे एक सॉकेट काढले. २०१७ च्या ऑक्टोबरात तिचे आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. टोके तीच ११५१, आकारही तोच, परंतु आतील विजेची जोडणी निराळी. त्यामुळे त्याच वर्षाच्या आरंभी ज्यांनी नवा बोर्ड घेतला होता त्यांस वर्ष सरण्यापूर्वीच पुढची वाट बंद झाली. पुढे २०२० साली १२०० टोकांचे, २०२१ साली १७०० टोकांचे व २०२४ साली १८५१ टोकांचे सॉकेट आले. ह्यांपैकी १७०० च्या सॉकेटास बारावी, तेरावी व चौदावी अशा तीन पिढ्या लाभल्या. १२०० च्या वाट्यास दोनच आल्या.

ए. एम. डी. कंपनीची गोष्ट ह्याच्या उलट आहे. तिच्या ए. एम. ४ सॉकेटावर पहिले रायझेन प्रोसेसर २०१७ च्या मार्चात आले. २०२० साली नव्या पिढीचे प्रोसेसर केवळ नव्या चिपसेटांच्या बोर्डांवर चालतील असे कंपनीने प्रथम जाहीर केले. पण ग्राहकांनी इतका गिल्ला केला की, काही आठवड्यांतच तिला तो निर्णय फिरवावा लागला. २०२२ साली तर अगदी पहिल्या पिढीच्या बोर्डांसही हे द्वार उघडले. परिणामी २०१७ साली घेतलेल्या पुष्कळशा साध्या बोर्डांवर केवळ बायोस बदलून २०२२ च्या एप्रिलातील ५८००एक्स३डी हा प्रोसेसर बसू लागला, आणि हा प्रोसेसर त्या काळी खेळांसाठी उत्तमांपैकी एक गणला जात होता. बोर्ड तोच, मेमरी तीच, एस. एस. डी. तीच, बदलला तो एक तुकडा. ठरलेल्या रकमेत घर चालविणाऱ्यांस ह्या बचतीचे मोल निराळे सांगावयास नको.

२०२२ च्या सप्टेंबरात त्याच कंपनीचे ए. एम. ५ सॉकेट आले. त्यावर आजवर ७००० व ९००० अशा मालिका आल्या असून, निदान २०२७ पर्यंत ते चालू ठेवू असे कंपनीने २०२४ साली सांगितले आहे. व्यापाऱ्याचे वचन ते व्यापाऱ्याचेच. तथापि मागील अनुभव पाहता, खेळांसाठी नवा संगणक जोडणाऱ्याने प्रथम ह्या सॉकेटाचा विचार करावा असे आमचे मत आहे. ह्याला एक हरकत आहे. ए. एम. ५ वर डी. डी. आर. ५ जातीचीच मेमरी चालते, आणि २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव एकाएकी फार चढले. ज्यांच्या घरी जुनी डी. डी. आर. ४ मेमरी पडून आहे, त्यांनी ए. एम. ४ चा किंवा १७०० सॉकेटाचा डी. डी. आर. ४ चालणारा बोर्ड घेऊन काम भागविले तर त्यांस कोणी नावे ठेवू नयेत. ह्या दोन मेमरींच्या खाचा वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही, एवढे मात्र लक्षात असू द्यावे.

आता ज्या एका गोष्टीवर बोर्डाचा खरा कस लागतो तिच्याकडे वळू. पॉवर सप्लायमधून बोर्डास १२ व्होल्टची वीज मिळते, पण प्रोसेसरास हवी असते ती साधारण एकसव्वा व्होल्टची. हे रूपांतर सॉकेटाच्या भोवती मांडलेली लहान लहान कॉइले व ट्रान्झिस्टर करतात. ह्या भागास व्ही. आर. एम. म्हणतात. व्होल्ट उतरले म्हणजे अँपिअर चढावयाचेच. ए. एम. ५ चा १०५ वॅटांचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसर भर जोरात १४२ वॅटपर्यंत वीज ओढू शकतो. म्हणजे त्या चार बोटांच्या जागेतून शंभराहून अधिक अँपिअरांचा प्रवाह जातो. आपल्या न्हाणीघरातील दोन हजार वॅटांचा गिझर नऊच्या आसपास अँपिअर घेतो, ह्यावरून कल्पना यावी. इतका प्रवाह वाहिला की उष्णता होणारच, आणि ती वाहून नेण्यासाठी ह्या भागांवर ॲल्युमिनियमचे ठोकळे बसविलेले असतात. अगदी स्वस्त बोर्डांत हे ठोकळे नसतात किंवा नावापुरते असतात. मग व्ही. आर. एम. तापला म्हणजे तो प्रोसेसरास वीज आखडून देतो व खेळ मध्येच अडखळू लागतो. नागपूर, जळगाव, अकोला ह्यांसारख्या गावी मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश उष्णता असते. थंड देशांतील प्रयोगशाळेत जो बोर्ड जेमतेम उत्तीर्ण होतो तो आपल्याकडे नापास होण्याचा संभव अधिक. म्हणून चकाकणाऱ्या दिव्यांसाठी पैसे न देता ह्या ठोकळ्यांसाठी द्यावेत.

परंतु येथेही मर्यादा आहे. ६५ वॅटांचा ए. एम. ५ प्रोसेसर ८८ वॅटांच्या वर जात नाही, आणि ७८००एक्स३डी सारखा केवळ खेळांसाठी नावाजलेला प्रोसेसर खेळ चालू असता शंभर वॅटही ओढीत नाही. ह्यांस मध्यम प्रतीचा व्ही. आर. एम. भरपूर झाला. २५३ वॅटपर्यंत जाणारा इंटेलचा चौदाव्या पिढीतील आय ९ घेणाऱ्याने मात्र बोर्डावर काटकसर करू नये. अथवा, आमचे ऐकाल तर, खेळांपुरता तो घेऊच नये.

चिपसेटांच्या नावांनी पुष्कळांची दिशाभूल होते. ए. एम. ५ वर ए ६२०, बी ६५०, एक्स ६७० हे आधीचे, आणि बी ८४०, बी ८५०, एक्स ८७० हे नंतरचे. आकडा मोठा म्हणजे वस्तू सरस असे समजू नये. बी ८४० हे नाव बी ८५० च्या शेजारचे दिसते खरे, पण गुणांनी ते बरेच खालचे आहे. प्रोसेसरचा वेग हाताने वाढविण्याची सोयदेखील त्यात नाही. एक्स ८७० ची किंमत वाढते ती बव्हंशी यू. एस. बी. ४ सक्तीचे केल्यामुळे, आणि खेळणाऱ्यास त्याचा उपयोग क्वचितच. एकंदरीत बी ६५० किंवा बी ८५० चा, बरे ठोकळे असलेला बोर्ड बहुतेक घरांस पुरेसा आहे. साऱ्या संगणकाच्या रकमेपैकी बोर्डावर सातवा-आठवा हिस्सा जावा. त्याहून अधिक जाऊ लागला तर तो कोणाच्या वाट्याचा जात आहे हे पाहावे. इंटेलकडे वळणाऱ्यांनी एवढेच पाहावे की, ज्या प्रोसेसरच्या नावात के हे अक्षर आहे त्याचा वेग वाढविण्याची सोय झेड मालिकेच्या बोर्डावरच मिळते. बी मालिकेचा बोर्ड घेऊन के चा प्रोसेसर आणणे म्हणजे न वापरावयाच्या गुणाचे पैसे मोजणे होय.

मेमरीच्या खाचा चार असाव्यात असा एक समज आहे. डी. डी. आर. ५ च्या बाबतीत तो फारसा खरा नाही. चार पट्ट्या बसविल्या की वेग उतरतो. रायझेन ७००० साठी कंपनीने दोन पट्ट्यांस ५२०० ची, तर चार पट्ट्यांस ३६०० ची हमी दिलेली आहे. तेव्हा सोळा-सोळा जी. बी. च्या दोन पट्ट्या एकदाच घ्याव्यात. चार खाचा असल्यास प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवाव्यात. आणि बायोसमध्ये जाऊन एक्स्पो किंवा एक्स. एम. पी. ही सोय चालू करावयास विसरू नये. असे कित्येक संगणक आहेत की ज्यांत ६००० च्या वेगाची मेमरी विकत आणलेली असते आणि ती वर्षानुवर्षे ४८०० वर रांगत असते; घरात कोणास पत्ताही नसतो.

आकाराविषयी थोडक्यात. ए. टी. एक्स. बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब व २४४ रुंद असतो, मायक्रो ए. टी. एक्स. २४४ चा चौरस. दुसरा बहुधा स्वस्त मिळतो व एकच ग्राफिक्स कार्ड बसवावयाचे असल्यास त्यात काही उणे नाही. १७० मिलिमीटरचा मिनी आय. टी. एक्स. दिसावयास गोड, पण खिशास कडू. एस. एस. डी. साठी एम. २ च्या दोन खाचा असाव्यात, आणि दुसरी भरल्यावर ग्राफिक्स कार्डाच्या मार्गिका कमी होतात काय, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे. राउटर दिवाणखान्यात व संगणक माडीवर अशी व्यवस्था असेल तर वाय-फाय असलेला बोर्ड घ्यावा. तरी खेळांसाठी भिंतीच्या कडेने केबल ओढून नेणे केव्हाही चांगले, विशेषतः ज्या घरात संध्याकाळी सातआठ जणांचे मोबाइल एकाच वेळी चालू असतात तेथे.

बायोस ही बोर्डाची अंगभूत आज्ञावली. तिच्याकडे लोक दुर्लक्ष करतात, पण अलीकडच्या दोन प्रकरणांनी तिचे महत्त्व चांगलेच पटविले. २०२३ च्या एप्रिलात रायझेन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर सॉकेटासह जळाल्याचे उघडकीस आले. काही बोर्ड प्रोसेसरच्या एका भागास वाजवीहून अधिक व्होल्टेज देत होते, आणि नवे बायोस काढून ते १.३ व्होल्टवर रोखावे लागले. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. तेथेही व्होल्टेजच कारण, आणि ऑगस्टात आलेली दुरुस्ती बायोसवाटेच पोहोचली. म्हणून बोर्ड जोडल्यावर प्रथम बायोस अद्ययावत करावे. बोर्डाच्या मागील बाजूस बायोस फ्लॅशबॅकचे बटण असल्यास फारच उत्तम. कारण दुकानात पडून राहिलेला २०२२ चा बी ६५० बोर्ड २०२४ चा प्रोसेसर ओळखत नाही, आणि हे बटण असले म्हणजे प्रोसेसर न बसविता केवळ पेन ड्राइव्हने काम होते. तसेच संगणक सुरू न झाल्यास दोष प्रोसेसरचा, मेमरीचा की कार्डाचा हे दाखविणारे चार बारीक दिवे काही बोर्डांवर असतात. रंगीबेरंगी दिव्यांपेक्षा हे चार दिवे आम्हांस अधिक मोलाचे वाटतात.

असूस, एम. एस. आय., गिगाबाइट व ॲसरॉक ह्या चारही कंपन्या तैवानच्या. अमुक चांगली व तमुक वाईट असे सरसकट म्हणता येत नाही; प्रत्येकीचे काही बोर्ड चोख तर काही फोल. आपल्या गावी किंवा जवळच्या शहरी कोणाचे सेवाकेंद्र आहे हे विचारून मग निवड करावी. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर व पुण्यास तपकीर गल्लीत हिंडून भाव विचारण्याची प्रथा अजून आहे, आणि ती सोडू नये. पण पक्क्या पावतीवाचून काही घेऊ नये. १८ टक्के जी. एस. टी. वाचविण्याच्या मोहाने पावती सोडली की हमीही गेली असे समजावे.

पेटी उघडल्यावर सॉकेटावर प्लॅस्टिकचे एक काळे झाकण असते. ए. एम. ५ व इंटेल ह्या दोहोंत नाजूक टोके आता प्रोसेसरवर नसून सॉकेटातच असतात, आणि त्यांतले एक वाकले तरी बोर्ड निकामी होतो. प्रोसेसर बसविताना तो सरळ वरून अलगद ठेवावा, दाबू नये. ते झाकण मात्र केरात टाकू नये. पावतीबरोबर पेटीतच जपून ठेवावे. पुढे कधी बोर्ड दुरुस्तीस पाठवावा लागला तर सॉकेटावर ते झाकण नसल्याच्या सबबीवर तो परत येण्याचा संभव असतो.