लांबचा कौटुंबिक प्रवास : तयारी अंगणातच व्हावी

बुलडाणा जिल्ह्याच्या सीमेवर, जालना जिल्ह्याच्या हद्दीलगत वसलेल्या धाडसारख्या गावात पूर्वी लांबचा प्रवास म्हणजे एस.टी.चा प्रवास असे. बुलडाणा किंवा औरंगाबाद गाठावे, तेथून पुढची गाडी धरावी आणि वाहनाची सारी चिंता चालकावर व आगारावर सोडावी, अशी रीत होती. आता अनेक घरांपुढे मोटार उभी असते. दिवाळीच्या अथवा उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी-आजोबांसह सारे कुटुंब पंढरपूर, कोल्हापूर किंवा कोकणाकडे निघते. आगारात तपासनीस जे काम करीत असे, ते आता कुटुंबालाच करावयाचे आहे. मात्र या जबाबदारीची जाणीव अजून पुरेशी रुजलेली नाही.

रस्तेही बदलले आहेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरांचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. धाड परिसरातील कुटुंबांना जालना किंवा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथून या मार्गावर जाता येते. सपाट भागात येथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. जुन्या रस्त्यावर दर काही किलोमीटरांवर गाव, चहाची टपरी व पंक्चर काढणारा भेटे. येथे तसे नाही. म्हणून गाडीतील जी उणीव गावच्या रस्त्यावर केवळ खोळंबा करते, ती येथे प्राणावर बेतू शकते.

दोन अपघातांचा धडा

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुटा गावाजवळ समृद्धी महामार्गावर एका खाजगी प्रवासी बसला अपघात होऊन आग लागली व २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी, बुलडाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्याचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्या भाविकांचे वाहन वैजापूर तालुक्यात मालमोटारीवर आदळले. त्यात १२ जण दगावले व २३ जखमी झाले. क्षमतेहून कितीतरी अधिक माणसे त्या वाहनात होती. हे दोन्ही अपघात मध्यरात्रीनंतरचे होत. प्रवासाची वेळ आणि गाडीतील माणसांची संख्या या दोन्ही गोष्टी घर सोडण्यापूर्वी ठरतात, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

चालकाची झोप

दिवसभर शेतात किंवा दुकानात काम करावयाचे, संध्याकाळी सामान बांधावयाचे आणि ‘रस्ता मोकळा मिळतो’ म्हणून रात्री दोनला निघावयाचे, ही पद्धत सर्वत्र आढळते. बाकीची मंडळी गाडीत झोपतात. चालक मात्र आधी झोपलेला नसतो आणि पुढेही झोपू शकत नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ३३ मीटर पुढे जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे चालकाविना कापलेले १०० मीटर अंतर होय. सरळ व एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही भान हरपते, हा धोका वेगळाच.

यास्तव जो गाडी चालविणार, त्याला आदल्या दिवशी सामानाच्या धावपळीतून मोकळे ठेवावे व पुरेशी झोप घेऊ द्यावी. निघणे पहाट झाल्यावरच योग्य. दर दोन तासांनी अधिकृत थांब्यावर गाडी थांबवावी. धाडहून कोल्हापूरसारखा पाचशे किलोमीटरांहून लांबचा पल्ला असल्यास वाटेत मुक्काम करावा. चालकाने ‘झोप येते’ असे म्हणणे हा कमीपणा मानू नये आणि इतरांनीही त्याला हसू नये.

टायर, ब्रेक आणि भार

प्रवासारंभी नारळ फोडून चाकाखाली लिंबू ठेवण्याची प्रथा आहे. लिंबू ठेवण्यासाठी वाकलेल्या माणसाने त्याच वेळी टायर नीट पाहिला, तर प्रथेचा हेतू अधिक सफल होईल. हवा कमी असलेला टायर धावताना सारखा दबतो, त्यामुळे तापतो आणि उन्हात, भरल्या गाडीत, मोठ्या वेगाने जाताना फुटू शकतो. हवेचा योग्य दाब किती, हे गाडीच्या पुस्तिकेत आणि बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेले असते. भरलेल्या गाडीसाठी तो वेगळा असतो. दाब टायर थंड असतानाच मोजावा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झालेला टायर कायद्यानेही वापरता येत नाही. टायरच्या कडेवरील चार आकडे त्याचे वय सांगतात. उदाहरणार्थ, ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२वा आठवडा. स्टेपनीची हवा, जॅक व पाना हेही तपासावेत.

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी ब्रेक, दिवे, वायपर, इंजिन तेल व कूलंट यांची तपासणी कारागिराकडून करून घ्यावी. आदल्या दिवशी केलेल्या तपासणीत दोष आढळला, तरी दुरुस्तीस वेळ उरत नाही. बुलडाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरताना असो वा कोकणातील घाट उतरताना असो, गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. सतत दाबलेला ब्रेक तापून निकामी होतो. जड सामान टपावर न बांधता खाली ठेवावे, कारण टपावरील ओझ्याने वळणावर गाडी कलण्याचा धोका वाढतो.

मागे बसणाऱ्यांची सुरक्षितता

सीटबेल्ट पुढच्यांसाठीच असतो, हा समज घातक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते व त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. मूल मांडीवर सुरक्षित असते, हाही भ्रमच. धडकेच्या क्षणी त्याचा भार अनेक पटींनी वाढतो व आईच्या हातांना तो पेलत नाही. १४ वर्षांखालील मुलास पट्टा अथवा बाल-आसन आवश्यक असल्याचे मोटार वाहन कायद्यातील कलम १९४-ब सांगते. उल्लंघनास १,००० रुपये दंड आहे. जितके पट्टे तितकीच माणसे, हा हिशेब धरावा. माणसे अधिक असतील, तर दुसरे वाहन करावे किंवा काहींनी एस.टी.ने यावे.

वाहन परवाना, नोंदणीपत्र, विमा व पीयूसी यांची मुदत पाहावी. डिजिलॉकरमधील प्रती ग्राह्य असतात. फास्टॅगमध्ये रक्कम असावी. वृद्धांची औषधे डिकीत न ठेवता हाताशी ठेवावीत. महामार्गावर गाडी बंद पडल्यास ती डाव्या कडेला घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, सर्वांनी उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे आणि ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर संपर्क साधावा. जखमीस मदत करणाऱ्यास कलम १३४-अ अन्वये संरक्षण आहे, म्हणून मदतीस कचरू नये.

गावाने करावयाचे काम

सुट्ट्यांपूर्वी ग्रामपंचायतीच्या आवारात एक दिवस दाबमापक ठेवून गावातील गाड्यांचे टायर तपासता येतील. गावातील कारागीर या कामी आनंदाने पुढे येतील. शिक्षकांनी सेकंदाला ३३ मीटरचे गणित वर्गात सोडवून घ्यावे आणि मुलांना घरी विचारावयास सांगावे, ‘बाबा, तुमची झोप झाली का?’ हा प्रश्न ज्या घरात निघण्यापूर्वी विचारला जाईल, त्या घराची प्रवासाची तयारी खऱ्या अर्थाने पूर्ण झाली असे म्हणता येईल.