आपुलकीचा आधार
गावातील स्वयंसेवक आणि मनाचे आरोग्य

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरील दोंडाईचा ही धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील एक गजबजलेली बाजारपेठ. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी कापूस, मिरची व धान्य घेऊन येथे येतात. पिकाला काय भाव मिळाला याची चर्चा चहाच्या टपरीवर मोकळेपणाने होते. परंतु पावसाने दगा दिल्यावर, मुलीचे जमलेले लग्न मोडल्यावर किंवा दारूपायी घरात रोजची भांडणे सुरू झाल्यावर मनावर जो भार येतो, तो कोणापाशी बोलून दाखवावा, हा प्रश्न मात्र अनेकांपुढे असतो. भाऊबंदांना सांगावे तर गावभर होण्याची भीती, आणि डॉक्टरांकडे जावे तर लोक वेडा म्हणतील ही धास्ती. अशा वेळी शिकवून तयार केलेला गावातीलच एखादा विश्वासू माणूस मोठा आधार ठरू शकतो. सामुदायिक समुपदेशनामागील कल्पना हीच आहे.

गरज मोठी, साधने थोडी

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळून आले. निरनिराळ्या विकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के व्यक्तींना उपचार मिळत नव्हते. मनोविकारतज्ज्ञांची संख्या अल्प असून ते बहुतांशी शहरांत आहेत. प्रत्येक खेड्यात तज्ज्ञ पाठविणे शक्य नाही. तथापि, प्रत्येक दुःखाला तज्ज्ञाची गरज असतेच असेही नाही.

शेजारच्या जिल्ह्यातील प्रयोग

धुळ्याला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातील खेड्यांत २०१३ मध्ये ‘आत्मीयता’ हा उपक्रम सुरू झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तो आखला होता. त्यात स्वयंसेवकांच्या दोन फळ्या होत्या. पहिल्या फळीतील ‘मित्र’ आपल्या वस्तीत कोण खचले आहे, कोणाची झोप उडाली आहे, कोणी लोकांत मिसळणे सोडले आहे, याकडे लक्ष ठेवीत. दुसऱ्या फळीतील अधिक प्रशिक्षित स्वयंसेवक त्या व्यक्तीला चार ते सहा वेळा भेटून समुपदेशन करीत. कौटुंबिक कलह, व्यसन अशा विषयांवरील लहान चित्रफिती मोबाइलवर दाखवून बोलण्यास सुरुवात करून दिली जाई. पुढे गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात सहाशेहून अधिक गावांत हा उपक्रम नेण्यात आला.

या भेटींत स्वयंसेवक प्रथम मध्ये न बोलता ऐकून घेतो. मग अनेक अडचणींतून आज सुटण्याजोगी एक अडचण निवडण्यास मदत करतो. शेतावर फेरी, भजनी मंडळ, शेजाऱ्यांकडे बसणे अशी सुटलेली कामे हळूहळू पुन्हा सुरू करण्यास सुचवितो. दुःखाचे मूळ आर्थिक असेल तर निराधार योजना, निवृत्तिवेतन, पीक विमा यांचे अर्ज भरून देण्यास साहाय्य करतो. केवळ धीराच्या शब्दांनी चूल पेटत नाही, याची जाण या पद्धतीत आहे.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पाने गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत असेच काम केले. नैराश्यग्रस्त व्यक्तींपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण तेथे सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांपर्यंत गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. झिंबाब्वेत २००६ पासून डॉ. डिक्सन चिबांडा यांच्या पुढाकाराने आरोग्य केंद्राबाहेरील बाकावर प्रशिक्षित आजीबाई लोकांचे दुःख ऐकून घेतात. आपल्याकडील पिंपळाच्या पाराचेच ते एक रूप म्हणावे लागेल.

मर्यादा ओळखणे अगत्याचे

स्वयंसेवक हा डॉक्टर नव्हे. ज्याला भास होतात, ज्याने खाणेपिणे सोडले आहे किंवा जो जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलतो, त्याला विनाविलंब रुग्णालयात पोहोचविणे हेच त्याचे कर्तव्य. जीव देण्याविषयी सरळ विचारल्याने तो विचार मनात येतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, विचारल्याने माणूस मोकळा होतो. अशा घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत, हे कापूस पिकविणाऱ्या भागात विशेष महत्त्वाचे आहे.

दुसरे पथ्य गुप्ततेचे. ऐकलेली गोष्ट बाहेर गेली की स्वयंसेवकावरचा विश्वास संपला. जिवाला धोका असेल तेव्हाच, आणि मदत मिळविण्यापुरतीच, ती दुसऱ्यास सांगावी. घरात मारहाण होत असलेल्या स्त्रीला केवळ ‘जुळवून घे’ असे सांगणे हे समुपदेशन नव्हे. तिला संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत नेले पाहिजे. भाषेचाही विचार हवा. जी बाई अहिराणीत आपले दुःख सांगते, तिला अहिराणीतच उत्तर मिळाले तर तिचे मन लवकर मोकळे होते.

गावाने काय करावे?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिची काळजी घेण्याची जबाबदारी हा कायदा शासनावर टाकतो. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर ठळकपणे लिहिणे, हे पहिले सोपे पाऊल होय.

त्यापुढे ग्रामसभेने जात, पक्ष व भावकीच्या पलीकडे सर्वांना जवळची वाटतील अशी दोन-चार माणसे निवडावीत. त्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चमूकडून त्यांना प्रशिक्षण मिळावे यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्रयत्न करावेत. शिक्षकांनी वर्गात अचानक गप्प झालेल्या मुलाची विचारपूस करावी.

खानदेशात कानबाईच्या रोटांसाठी दुरावलेले भाऊबंदही एका घरी जमतात. वर्षातून एकदा दिसणारी ही आपुलकी बाराही महिने लाभली, तर एकटेपणाने खचलेल्या अनेकांना वेळीच हात मिळेल. त्यासाठी मोठ्या निधीची किंवा इमारतीची वाट पाहण्याचे कारण नाही. ऐकून घेणारी चार माणसे प्रत्येक गावात आहेत. त्यांना हेरून थोडे शिकविणे एवढेच काम उरते.