ओट्स कुकीज : चव घरची, हिशेब बाजारचा

ईद जवळ आली की घरी मळलेले पीठ ट्रेमध्ये लावून मोहल्ल्यातील बेकरीतून नानखटाई भाजून आणायची, ही रीत आपल्यातील अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. आता विजेवरील छोटे ओव्हन अनेक घरांत आले असून नानखटाईच्या जोडीला ओट्स कुकीजही होऊ लागल्या आहेत. थोड्या भांडवलाचा हा गृहउद्योग आमच्या भगिनींना व छोट्या बेकरीवाल्यांना सहज करता येईल. मात्र चव साधली म्हणजे धंदा साधला असे नव्हे. तो तरतो किंवा बुडतो तो तराजूवर, असे आमचे मत आहे.

प्रथम मालाविषयी. ओट्स चपटे व अखंड घ्यावेत. झटपट शिजणाऱ्या बारीक ओट्समुळे दाणेदारपणा राहत नाही. ओट्सला गव्हासारखा चिकटपणा नसल्याने सोबत मैदा लागतो. एका घाण्यास ओट्स 150 ग्रॅम, मैदा 150, लोणी 125, साखर 125, मनुका 75 ग्रॅम, एक अंडे, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, थोडे मीठ व दालचिनीची पूड घ्यावी. खारे बटर वापरल्यास मीठ वगळावे. व्हॅनिला अर्कात मद्यार्क असू शकतो. आपल्या गिऱ्हाइकांसाठी दालचिनी किंवा वेलचीच बरी.

लोणी व साखर फेटून त्यात अंडे व मग कोरडे जिन्नस मिसळावेत. पीठ अर्धा तास झाकून ठेवावे, म्हणजे ओट्स ओल शोषून घेतात व कुकी फार पसरत नाही. तापलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर 12 ते 14 मिनिटे पुरतात. कडा तांबूस झाल्या की मधला भाग मऊ असतानाच ट्रे बाहेर काढावा. गार होताना कुकी घट्ट होते. गरम असतानाच पिशवीत भरल्यास वाफ कोंडते, माल नरम पडतो व लवकर बुरशी धरतो.

आता हिशेब. वरील घाणा सुमारे 675 ग्रॅमचा. 25 ग्रॅमचा एक गोळा धरला तर 27 कुकीज होतात. पण भाजताना लोणी, अंडे व पिठातील पाणी उडून वजन साधारण दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे 25 ग्रॅमची कुकी साडेबावीस ग्रॅमवर येते. जो दहा कुकीज भरून पाकिटावर 250 ग्रॅम लिहितो, त्याचे पाकीट प्रत्यक्षात 225 ग्रॅमचेच भरते. त्याच्या मनात खोट नसेलही, पण मापात पाप झालेच. आणि कच्च्या वजनावर भाव काढणारा स्वतःचेच नुकसान करून घेतो. म्हणून माल पूर्ण गार झाल्यावरच तोलावा व भाव त्या वजनावर बसवावा.

खर्चात वीज विसरू नये. 1500 वॅटचा ओव्हन तासभर चालला तर जास्तीत जास्त दीड युनिट लागते. त्याशिवाय पाकीट, लेबल, मोडका माल, पोहोचवण्याचे भाडे व मुख्य म्हणजे करणाऱ्या हाताची मजुरी धरावी. घरच्या बाईच्या कष्टाला मोल नाही असे समजून ठरवलेला भाव मोठी मागणी येताच अंगावर येतो. मदतनीस ठेवावा तर त्याचा पगार कोठून द्यायचा?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यासही नोंदणी आवश्यक आहे. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख व किंमत असावी. अंडे असल्याने मांसाहारी खूणही लागते.

कारखान्याच्या बिस्किटांशी भावात टक्कर देण्याच्या फंदात पडू नये; ते आपले काम नव्हे. ताजा माल, पुरे वजन आणि सांगितल्या दिवशी पोच, या तीन गोष्टी छोट्या माणसाच्या हातात आहेत. त्या सांभाळल्या तर एकदा आलेले गिऱ्हाईक ईद सरल्यावरही पुन्हा येईल.